वर्तणूक : चांगली

२०२५च्या मार्चमध्ये आमची बारावीची बॅच गेली, तेव्हापासून हे लिहायचं म्हणतेय. मध्ये नवी सहावी आली, तिची रडारड निस्तरली, पावसाळा गेला, आणि राहिलं ते राहिलंच. आज नवरा मुलांना घेऊन गडावर गेलाय, गॅसवर काही नाही, तपासायच्या वह्यांकडे बघायचं नाही असं ठरवलंय. तर लिहूनच टाकते.

नात्यातल्या ज्या दोघीतिघी नुकत्याच इकडे वाचायला येऊ लागल्यात त्यांच्यासाठी थोडक्यात : मी मुलग्यांच्या एका निवासी सैनिकी शाळेत मराठी शिकवते, नवरा तिथेच रेक्टर आहे. आमचं क्वार्टर वसतिगृहाच्या भिंतीला भिंत लावून. स्वयंपाकघराची खिडकी मुलांच्या हात धुवायच्या नळांवर उघडते, त्यामुळे शाळेतल्या निम्म्या बातम्या मला भांडी घासताना कळतात. शाळा सुरू असेपर्यंत मी 'मॅडम', संध्याकाळची घंटा झाली की 'काकू'. हा बदल मुलं इतका बिनचूक करतात की सहाला दोन मिनिटं कमी असताना दारात आलेला मुलगाही 'मॅडम, साखर आहे का?' असंच विचारतो.

सैनिकी शाळा म्हटलं की लोकांना साताराच आठवतं. ते सैनिक स्कूल १९६१ सालचं, देशातलं पहिलं, केंद्र सरकारचं. तिथे २०२१ पासून मुलीही घेतात. आमची शाळा तेवढी मोठी नाही आणि तेवढी जुनीही नाही. पण पहाटेची पीटी तीच, पत्र्याची ट्रंक तीच, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खडकवासलाही तेच.

बारावी सुटली की दाखले लिहायला बसतात. त्यात 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. ३८ जणांच्या दाखल्यांवर त्या रकान्यात 'चांगली' लिहिलं गेलं. ते बरोबरच आहे, दुसरं काही लिहिलं तर पोराचं पुढे अडायचं. पण मुलाला न्यायला आलेल्या आया काही रकाने विचारत नाहीत. बाप मंडळी मार्कांचं विचारतात, पुढे काय ते विचारतात. आई जरा बाजूला घेऊन विचारते, "हा इथे कसा असतो हो?"

अकराव्या वर्षी आमच्या हवाली केलेला मुलगा ती अठराव्या वर्षी परत नेत असते. मधला तिला दिवाळीत दिसलाय, मे महिन्यात दिसलाय, आणि पालकभेटीच्या रविवारी झाडाखाली डबा खाताना दिसलाय. बाकी सगळा आमच्या नळांपाशी वाढला. तो पाहिला मी, आणि तो माझा नाही. ट्रंक गाडीवर चढत असताना घाईघाईत त्या बाईला मी काय सांगणार? म्हणून इथे लिहून ठेवतेय. नावं मात्र लिहीत नाही. त्यातला एक तरी हे वाचून फोनवर भांडणार, याची खात्री आहे.

ही बॅच जरा वेगळीच होती. २०१८च्या जूनमध्ये सहावीला आली. सातवीत असताना मार्च २०२० आला आणि दोन दिवसांत वसतिगृह रिकामं झालं. परत उघडलं ते २०२१च्या दिवाळीनंतर. गेली तेव्हा नळांवर चिमण्यांसारखा कलकलाट असायचा, आली तेव्हा आवाज फुटलेले, मनगटं शर्टाच्या बाहेर, आणि एकमेकांकडे बघायला लाजत होती. पहिल्या दिवशी माझ्या वर्गात मी हजेरी घेतली आणि प्रत्येक 'हजर'ला मान वर करून बघत होते, हा कोण म्हणून. ते वीस महिने आमच्याकडे नाहीत. ते आयांकडे आहेत. एक आई मला म्हणाली होती, "रोगाला चांगलं कसं म्हणू बाई, पण तेवढा एक तुकडा मला मिळाला."

आता एकेक.

पहिला आमचा कुलूपवाला. सहावीतल्या मुलाची ट्रंकची किल्ली पहिल्या आठवड्यातच हरवते, हा नियम आहे. नाडीत ओवून गळ्यात घाला, कमरेला बांधा, हरवतेच. पूर्वी नवरा हातोडी घेऊन जायचा. मग आठवीच्या सुमाराला, म्हणजे घरी होता त्या दिवसांत, हा कुठूनसा तारेनं कुलूप उघडायला शिकून आला. गावात करायला दुसरं काही नव्हतं म्हणे. तेव्हापासून हातोडी गेली. त्याचा दर ठरलेला : घरून आलेल्या डब्यातला एक लाडू, चिवडा असेल तर मूठभर, आणि रडत असेल तर फुकट. नवऱ्याला ही विद्या मुळीच पसंत नव्हती. रेक्टर म्हणून त्यानं एकदा कडक समज दिली. त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्याच घराला कुलूप लागलं आणि किल्ली आत. काय झालं असेल ते ओळखा. लाडू मात्र त्यानं दोन घेतले.

दुसरा बीडकडचा. आईवडील ऊसतोडीला. दसरा झाला की ते घर सोडून आमच्या बाजूच्या कारखान्यावर येतात, फडाजवळ कोपी घालतात आणि हंगाम संपला की परत. त्यामुळे दिवाळीत बाकीची पोरं घरी जायची, याचं घर मात्र तेवढ्यात शाळेजवळ आलेलं असायचं. सायकलवर बसून जायचा. टाळेबंदीतला पुढचा सगळा हंगाम तो त्यांच्याबरोबर फडातच होता. ऑनलाइन वर्ग वगैरे आम्ही घेत होतो, यादीत त्याच्या नावापुढे फुली असायची. परत आला तेव्हा हस्ताक्षर बिघडलेलं आणि तळहात मोठ्या माणसाचे.

सुट्टीला निघताना मुलांच्या वळकट्या म्हणजे एक प्रकरण असतं. निम्म्या एसटीच्या पायरीवरच सुटतात. तर हा एकेक वळकटी गुडघ्याखाली दाबायचा, दोरीला एक पीळ देऊन टोक आत खुपसायचा, की गावापर्यंत सुटायची नाही. उसाची मोळी वाढ्यानं बांधतात तशी. बारावीत त्याला हाउसचा कॅप्टन केला तेव्हा काही शिक्षक म्हणाले, याचा आवाज लहान आहे, परेडला चालायचा नाही. चाललं. पोरांना सवय होती, याच्यापाशी रांगेत उभं राहायची. सगळ्यांच्या वळकट्या बांधून झाल्या की शेवटची स्वतःची, तीच तेवढी ढिली असायची.

त्याची आई न्यायला आली नाही. हंगाम होता.

तिसऱ्याबद्दल फार लिहीत नाही, त्याच्याबद्दल शाळेच्या फलकावर लिहिलंय. लेखी पास, एसएसबी पास, मेडिकल पास. रंगीत फोटो लागला, कमांडंट साहेबांनी पाठ थोपटली, पेढे वाटले. पोरगा गुणी आहेच. एवढंच सांगते की तो पालीला घाबरतो. साधंसुधं नाही, नळावर पाल दिसली तर टॉवेल सोडून पळण्याइतका. ही गोष्ट कृपा करून खडकवासल्याला कळवू नये.

आणि त्याच्या शेजारच्या पलंगावरचा चौथा, जो जाणारच असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. धावण्यात पुढे, गणितात पुढे, इंग्रजी बोलण्यात तर दोघांच्या पुढे. भोपाळला पाच दिवस राहून आला. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी : पहिल्याच दिवशी चाळणी लागते, तिच्यातून राहिलेल्यांच्या मग रोज परीक्षा. कधी पडद्यावर एकेक शब्द दाखवतात आणि पंधरा सेकंदांत त्यावर वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. कधी मैदानात फळी, बल्ली आणि दोरी देऊन म्हणतात, हा नाला ओलांडा. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स. मग सगळ्यांना उभं करून निवडलेल्यांचे चेस्ट नंबर पुकारतात. नावं नाहीत, नंबर. याचा नंबर पुकारला नाही.

रात्रीच्या गाडीनं आला, पहाटे गेटवर उतरला आणि सरळ मेसमध्ये गेला. मेसच्या मामांनी काही विचारलं नाही, समोर लसणाची टोपली सरकवली. नाश्त्याच्या घंटेपर्यंत दोघांनी मिळून लसूण सोलला. मामांनीच हे मला नंतर सांगितलं, आणि वर म्हणाले, "आठ दिवसांचा सोलून ठेवला मॅडम, बोलला नाही पण."

आठवडाभर तो गप्प होता. मग एका रविवारी हॉलमधून हसण्याचा गदारोळ ऐकू आला म्हणून मी खिडकीतून डोकावले. यानं दहावी-अकरावीची सगळी पोरं जमवली होती. दोन बाकांमधला नाला, अभ्यासिकेची फळी, कपडे वाळत घालायची दोरी. स्वतः साहेब होऊन खुर्चीवर बसला होता, पाठीला चेस्ट नंबर लावलेली चार पोरं पुढ्यात. मुलाखतीतल्या साहेबाची नक्कल, मानसशास्त्रज्ञाची नक्कल, आणि सगळ्यात जास्त हशा स्वतःच्या नकलेला, अडखळलेल्या उत्तरासकट. "इथे मी असं म्हणालो. तुम्ही असं म्हणू नका." परीक्षेचा अभ्यास सुरू होईपर्यंत दर रविवारी हे चाललं. आता तो कृषी महाविद्यालयात आहे. अकरावीची पोरं अजून रविवारी बाक सरकवतात, पण त्यांना त्या साहेबाचा आवाज जमत नाही.

फलक चांगलाच असतो हो, मी त्याच्या विरुद्ध नाही. त्याला जागा थोडी, एवढंच.

पाचव्याबद्दल लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. त्याच्या आईला विचारलं, ती म्हणाली, "लिहा."

मे २०२१मध्ये, दुसऱ्या लाटेत, त्याचे वडील गेले. वसतिगृह उघडलं तेव्हा तो नववीत आला. शांत होता, पण पूर्वीही शांतच होता. दहावीपर्यंतच्या मुलांनी रविवारी घरी एक पोस्टकार्ड लिहायचंच, हा माझा हट्ट आहे. फोन मिळतो पाच मिनिटं, त्यात 'जेवलास का' आणि 'हो' एवढंच होतं. आणि कार्डावर आधी पत्ता, मग मजकूर, हाही माझाच नियम, कारण पोरं मजकूर लिहून पत्त्याच्या वेळी पळतात.

तर त्या पहिल्या रविवारी सगळे लिहीत होते आणि हा कोरं कार्ड घेऊन बसला होता. मी जवळ गेले तर हळूच म्हणाला, "मॅडम, पत्त्यावर कुणाचं नाव घालू?" सहावीपासून तिथे वडिलांचं नाव असायचं. मी म्हटलं, "आईचं घाल." त्यानं पेन टेकवलं आणि परत थांबला. "सौ. की श्रीमती?"

इतकी वर्षं मी मायने शिकवतेय. तीर्थरूप कुणाला, चिरंजीव कुणाला, सौभाग्यवती कुणाला, फळ्यावर तक्ता काढून. मी म्हटलं, "नुसतं नाव लिही. पोस्टमनला कळतं." त्यानं वळणदार अक्षरात आईचं नाव लिहिलं, खाली गाव, तालुका, जिल्हा, पिन. मग मजकूर : इकडे थंडी पडली आहे, स्वेटर बसत नाही.

मार्चमध्ये त्या बाई आल्या तेव्हा त्यांनी मला ते कार्ड दाखवलं. पर्समध्ये होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत. म्हणाल्या, "बँकेचे कागद सोडले तर माझ्या नावानं घरी आलेलं हे पहिलं पत्र." मी त्यांना सांगितलं, तो मेसमध्ये भात शेवटी खातो, जिना उतरताना कठड्याला हात लावत नाही, चिडला की बूट पॉलिश करतो, स्वतःचे झाले की दुसऱ्यांचे. त्या प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या. पॉलिशचं ऐकून म्हणाल्या, "हे ह्यांचं."

बाकी तेहेतीस राहिले, आणि मला दिसतंय की आज तरी राहणार. चोरून मांजर पाळणारा, वर्गात उभ्यानं झोपणारा, माझ्या प्रत्येक कवितेला 'पण कवीला असंच म्हणायचं होतं कशावरून?' विचारणारा... त्यांच्यावर कधीतरी.

पण एकाचं सांगते, कारण तोच बाकीच्यांपेक्षा जास्त डोक्यात राहिलाय. सात वर्षांत त्यानं काही केलं नाही. म्हणजे वाईट नाही आणि नाव घ्यावं असंही नाही. पहिला आला नाही, नापास झाला नाही, शिक्षा झाली नाही, बक्षीस मिळालं नाही. फोटोत नेहमी दुसऱ्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धा. त्याची आई एका जीपमधून आली होती, भाड्याच्या. ड्रायव्हर घाई करत होता. ती दारात उभी राहिली, आणि ती आता विचारणार 'हा कसा असतो' आणि माझ्याकडे सांगायला काही नाही, अशा धास्तीनं मी चहाचं आधण ठेवलं.

तिनं विचारलं, "अजून झोपेत बोलतो का हो?"

मला ठाऊक नव्हतं. नवरा रात्रीची फेरी मारतो, त्याला हाक मारली. तो ट्रंक उचलायला मदत करत होता, तिथूनच म्हणाला, "हो तर! रोज. दीडदोनच्या सुमाराला."

"काय म्हणतो?"

"'आलो, आलो' म्हणतो. दोनदा. मग कूस बदलतो."

बाई हसायला लागल्या. म्हणाल्या, "मला वाटलं, सुटलं असेल." मुलगा जीपमागे लाजून लाल झाला होता. चहा त्यांनी घेतला नाही, ड्रायव्हरला दिला.