जुन्या गाडीची कार डायरी

दर दोन-अडीच वर्षांनी बदली होणाऱ्या माणसानं जुनी गाडी घ्यावी का, हा प्रश्न मला हल्ली बऱ्याचदा विचारला जातो. विचारणारे बहुतेक पेन्शनच्या उंबरठ्यावरचे हवालदार, नायब सुभेदार. कुणाला गावाकडं आईला दवाखान्यात न्यायला गाडी हवी असते, कुणाला मुलीच्या कॉलेजसाठी. हातात आलेल्या पैशातले दीड लाख म्हणजे काही चेष्टा नाही. म्हणून माझ्याच गाडीचा हिशेब इथं मांडतो.

गाडी २००९ ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. २०१७ साली पठाणकोटला असताना बदलीवर निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून १,५५,००० रुपयांना घेतली. तेव्हा ती ६२,००० किलोमीटर चालली होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे तो कंपनीचा दोष नाही, वयाचा आहे. आठ-दहा वर्षांच्या कुठल्याही गाडीत रबर कडक होतं, पाइप तडकतात, बेअरिंग आवाज करू लागतात.

घेण्याआधी गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगितली आणि सकाळी थंड इंजिन स्वतः सुरू केलं. गरम इंजिन बरेच दोष झाकतं. धूर निळसर असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत शिरतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर गाडी तिथंच सोडून घरी यावं. टायरवर चार आकडे असतात, तेही वाचा. ३२१४ म्हणजे २०१४ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं.

पहिल्याच वर्षी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगला ६,२०० रुपये गेले. पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड यांना ११,५००. चार टायर १५,२००. एकूण ३२,९००, म्हणजे किमतीच्या पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्तच. यात आश्चर्य काहीच नव्हतं, ते पैसे मी बाजूला ठेवूनच गाडी घेतली होती. दीड लाख हातात असतील तर सव्वा लाखाचीच गाडी बघा, असं मी सगळ्यांना सांगतो.

पुढची बदली जोधपूरला. वाळवंट गाडीची कूलिंग सिस्टीम तपासून घेतं. जुना रेडिएटर आतून खारानं भरलेला होता. पठाणकोटच्या थंडीत ते कळलं नव्हतं, मे महिन्यात जोधपूरच्या रस्त्यावर काटा वर चढू लागल्यावर कळलं. रेडिएटर आणि सगळे होज बदलले, ५,४०० रुपये. एसीचा कंडेन्सर धुळीनं आणि वयानं गेला, गॅससकट ६,८००. तिथल्या उन्हात बॅटरीही लवकर मरते. सात वर्षांत मी दोन बॅटऱ्या बदलल्या, ८,६०० रुपये.

मग फील्डची पोस्टिंग आली. बायको आणि मुलगी जालंधरला, फौजींच्या मागं राहिलेल्या कुटुंबांसाठीच्या क्वार्टरमध्ये. मी अशा ठिकाणी की फोन लागला तर संध्याकाळी. या दोन वर्षांत जुन्या गाडीचा अर्थ माझ्यासाठी बदलला. बंद पडली तर रस्त्यावर मी नसणार, त्या दोघी असणार.

फौजेत ड्रायव्हर रोज सकाळी गाडीची फर्स्ट परेड करतो. ऑइल, पाणी, हवा, बेल्ट, दिवे, गाडीखाली काही गळतंय का. तेवढंच मी बायकोला शिकवून गेलो. काम पाच मिनिटांचं. एका वहीत तिची स्वतःची कार डायरी सुरू झाली. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती पैसे.

एका दुपारी पठाणकोटच्या रस्त्यावर तापमानाचा काटा लाल रेषेकडं सरकू लागला. मुलगी मागच्या सीटवर झोपलेली. तिनं एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला आणि जागा दिसताच ढाब्यासमोर गाडी थांबवून इंजिन बंद केलं. हीटर इंजिनाची उष्णता बाहेर ओढतो, त्यामुळं थांबेपर्यंत वेळ मिळतो. रेडिएटरचं झाकण तिनं उघडलं नाही. उकळतं पाणी दाबाखाली असतं, हात भाजतो. पाऊण तासानं ढाब्यावाल्यानं मिस्त्री आणून दिला. वॉटर पंप गळत होता. पंप, थर्मोस्टॅट, कूलंट आणि मजुरी मिळून ३,९००. तशीच पुढं रेटली असती तर सिलिंडर हेड वाकडं होऊन गॅस्केट गेलं असतं आणि काम कितीतरी पटीनं महाग पडलं असतं. मला हे सगळं संध्याकाळी फोनवर कळलं. ती म्हणाली, "काळजी नको, वहीत लिहिलंय." त्या रात्री मला झोप उशिरा लागली, पण लागली.

त्यानंतर तेजपूर. तिथं शत्रू म्हणजे ओल. पत्र्याखाली गंज धरला, वेल्डिंग आणि खालच्या कोटिंगला ७,५०० गेले. ब्रेक पॅड, शू आणि व्हील सिलिंडरला ४,७००. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मग लांब उतारावर तापून उकळू शकतं. पायाखालचा पेडल अशा वेळी नुसता खाली जातो. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं आणि डोंगर उतरताना खालचा गिअर सोडायचा नाही.

सात वर्षांची बेरीज ६९,८०० रुपये. नेहमीची सर्व्हिसिंग आणि विमा वेगळा. वर्षाला साधारण दहा हजार. यात इंजिन उघडलं गेलं नाही, कारण ऑइल आणि कूलंट वेळेवर बदललं गेलं.

कागदांचा खर्चही धरा. एका राज्याची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते, म्हणजे एनओसी आणि रोड टॅक्स आले. पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी. खासगी मोटारीसाठी ही फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. दिल्लीकडं बदली असेल तर जुन्या गाड्यांचे तिथले नियम आधी विचारून घ्या.

सोडायची केव्हा, याचे माझे तीन निकष आहेत. एकच दुरुस्ती गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेली, गंज चॅसीपर्यंत पोचला, किंवा घरचं माणूस तिच्यात बसायला घाबरू लागलं. २०२४ मध्ये आमच्या गाडीची पंधरा वर्षं भरली तेव्हा पहिले दोन निकष मी तपासले. तिसरा बायकोवर सोपवला. तिनं कार डायरी पहिल्या पानापासून वाचली आणि फेरनोंदणीचे पैसे भरायला सांगितले.