साइट बंद झाली, कागद राहिले

शहाडमध्ये राहून पटकथा लिहिते असं सांगितलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "सिरियलमध्ये काम करतेस का?" आणि लगेच दुसरा, "ओळख कोणाची?" दुसऱ्या प्रश्नाला कित्येक वर्षं माझ्याकडे उत्तर नव्हतं. वडील सेंच्युरी रेयॉनमध्ये, मामा पलीकडे मोहन्याच्या एनआरसीत आणि मी उल्हासनगरच्या एका गारमेंट कारखान्यात हिशेब बघणारी. घरात नाटकाची आवड होती, पण ती कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात तिकीट काढून बसण्यापुरती. सिनेमावाल्याचा फोन नंबर आमच्या सात पिढ्यांत कोणाकडे नव्हता.

पहिली पटकथा एनआरसीवरच लिहिली. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन २००९ मध्ये बंद पडली आणि हजारो कामगारांची देणी वर्षानुवर्षं लटकली. मामाने नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, पीएफच्या स्लिपा, युनियनची पत्रकं असं सगळं एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं होतं. शेजारचे लोक हसायचे, "कंपनीच नाही राहिली, कागद काय चाटायचेत?" पण दाव्याचे अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा तेच लोक मामाकडे येऊन विचारायला लागले की तारखा कशा लिहायच्या, कुठला कागद जोडायचा. त्या ट्रंकेभोवती मी गोष्ट रचली.

लिहिण्याचं तंत्र इंटरनेटवरून शिकले. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा हिशेब तिथेच कळला. हे गणित इंग्रजी टाइपरायटरच्या मांडणीवर बेतलेलं आहे, देवनागरीत ते तंतोतंत बसत नाही, हे मात्र स्वतः लिहायला लागल्यावर कळलं. पटकथेची परदेशी सॉफ्टवेअर देवनागरी जोडाक्षरांची मोडतोड करायची. मुंबईत हिंदी संवादसुद्धा बऱ्याचदा रोमन लिपीत का लिहिले जातात, याचं एक कारण तेव्हा कळलं. मी मराठी मसुदा साध्या वर्डमध्ये ठेवला आणि बाहेर दाखवण्यासाठी इंग्रजी प्रत वेगळी केली.

बाहेर म्हणजे एका परदेशी साइटवर. पैसे भरून पटकथा चढवायची, अनोळखी वाचक ती वाचून टिपण देणार, गुण देणार आणि गुणांवरून क्रमवारी लागणार. मला ही व्यवस्था फार आवडली. तिथे कोणी ओळख विचारत नव्हतं. एका वाचकाने लिहिलं की कारखाना बंद झाल्यावर ही माणसं क्वार्टर सोडून दुसऱ्या शहरात का जात नाहीत हे पटत नाही. त्याचा मला राग आला नाही, उलट उपयोग झाला. इथे खोली सोडली की देणं मिळायची आशाही सोडल्यासारखं वाटतं, हे मी गृहीत धरून चालले होते. त्यासाठी एक अख्खा प्रसंग नव्याने लिहिला. गुण वाढले, क्रमवारीत नाव वर गेलं. एक दिवस मेल आला: सेवा बंद होत आहे, अमुक तारखेच्या आत आपल्या फाइल्स उतरवून घ्याव्यात.

फाइल्स उतरवल्या. वाचकांची टिपणंही उतरवली. पण क्रमवारी उतरवता येत नाही. जिथे तो आकडा मोजला जात होता ती जागाच गेल्यावर तो आकडा अंधेरीतल्या कुठल्या माणसाला दाखवणार?

माझ्या एकटीच्याच वाट्याला हे आलेलं नाही, हे नंतर थोडं मागे जाऊन पाहिल्यावर दिसलं. अ‍ॅमेझॉन स्टुडिओजने २०१० मध्ये जगातल्या कोणाकडूनही पटकथा घ्यायला सुरुवात केली आणि २०१८ मध्ये तो दरवाजा बंद केला. त्यांचं लिहिण्याचं मोफत ऑनलाइन साधन 'स्टोरीरायटर' २०१९ मध्ये गेलं. निरनिराळ्या स्पर्धांमधलं लेखकाचं यश एका जागी मांडणारं 'कव्हरफ्लाय' २०२५ मध्ये बंद झालं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या निकोल फेलोशिपला पूर्वी कोणीही थेट अर्ज करत असे. २०२५ पासून विद्यापीठं आणि ठरावीक भागीदार संस्थांमार्फत जावं लागतं. कारणं उघड आहेत. हजारो पटकथा वाचायला माणसं लागतात, त्यांना पैसे द्यावे लागतात आणि त्यातून चित्रपट निघतात अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे.

आपल्याकडे वेगळ्या पद्धतीने तेच झालं. ओटीटी मंचांपैकी हॉटस्टार २०१५ चं, वूट २०१६ चं. प्रत्येकाला स्वतःचा माल हवा होता, त्यामुळे नव्या लेखकाला निदान कोणीतरी भेटायला बोलवायचं. २०२३ मध्ये वूट जिओसिनेमात गेलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा व हॉटस्टार मिळून जिओहॉटस्टार झालं. तीन दारांचं एक दार झालं. एका जागी नाकारलेली गोष्ट घेऊन शेजारी जायची सोय तेवढी कमी झाली.

साइट बंद झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती अंधेरी गाठायची. शहाडहून कल्याण, कल्याणहून फास्ट लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रो. तिथे स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं ऑफिस आहे, ही आपली लेखकांची संघटना. १९६० पासून ती नोंदणीकृत कामगार संघटना आहे. हे कळल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं. युनियन म्हणजे काय, हे मोहन्याच्या भाचीला वेगळं सांगावं लागत नाही. सभासद झाल्यावर मसुदा ऑनलाइन नोंदवता येतो. त्यासाठी अंधेरीला जायचीही गरज नसते, पण मला ती जागा डोळ्यांनी पाहायची होती.

तिथल्या जुन्या सभासदांनी बोलता बोलता जे सांगितलं ते कुठल्याही साइटवर मला मिळालं नव्हतं. नुसत्या कल्पनेवर कोणाची मालकी नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात तेच सांगितलं: संरक्षण मांडणीला मिळतं, कल्पनेला नाही. म्हणून दोन ओळींची कल्पना नोंदवून निश्चिंत व्हायचं नाही; पात्रं, प्रसंग, शेवट यांसह सविस्तर लिहायचं आणि मगच नोंदवायचं. नोंदणीने कॉपीराइट मिळत नाही, तो लिहिल्याबरोबर आपला असतोच. नोंदणी हा अमुक दिवशी हे माझ्याकडे होतं, याचा पुरावा असतो.

बिप्लब गोस्वामी यांचं उदाहरण या बाबतीत कायम आठवतं. त्यांची 'टू ब्राइड्स' ही पटकथा सिनेस्तानच्या पटकथा स्पर्धेत उपविजेती ठरली, परीक्षक आमिर खान यांच्या नजरेत भरली आणि तिच्यावरून 'लापता लेडीज' हा चित्रपट १ मार्च २०२४ रोजी आला. २०२५ मध्ये त्याचं २०१९ च्या एका लघुपटाशी साम्य असल्याचा आरोप झाला, तेव्हा गोस्वामी यांनी असोसिएशनमधली नोंद पुढे केली: सविस्तर सारांश २०१४ चा, पूर्ण पटकथा २०१८ ची. स्पर्धेने त्यांना दार उघडून दिलं हे खरं, पण आरोप झाल्यावर ती जुनी नोंदच कामाला आली.

तरीही कागद जपून काम मिळत नाही. काम मिळालं ते कल्याणमधल्या एका हौशी नाट्यसंस्थेमुळे. एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी तालमी चालायच्या. खुल्या एकांकिका स्पर्धांसाठी त्यांना संहिता हवी होती. मी एनआरसीच्याच गोष्टीतला एक तुकडा काढून दिला. वाचनाच्या दिवशी कळलं, साइटवरच्या वाचकाने ज्याला 'प्रभावी' म्हटलं होतं तो प्रसंग मोठ्याने वाचताना सगळे कंटाळले होते, आणि मामीच्या तोंडी सहज टाकलेल्या एका वाक्याला हशा आला होता. नटाला वाक्य तोडायला कुठे जागा लागते, हेही तिथेच शिकले. आपल्याकडे मालिकांना आणि सिनेमाला लेखक पुरवण्याचं काम पुरुषोत्तम करंडकापासून राज्य नाट्य स्पर्धेपर्यंतच्या या वर्तुळाने पिढ्यान्‌पिढ्या केलंय. पुरुषोत्तम १९६३ पासून चालू आहे. इंटरनेटवरची कुठली लेखक-साइट इतकी टिकली?

त्या ग्रुपमधला एक मुलगा एका मालिकेवर सहायक लेखक म्हणून लागला. काही महिन्यांनी त्याचा फोन आला, "ताई, संवादाला माणूस हवाय. ट्रायल सीन देतेस का?" मराठी मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद ही बहुधा तीन वेगळ्या लोकांची कामं असतात. कथाकार वाहिनीच्या लोकांबरोबर बसून पुढचा ट्रॅक ठरवतो, पटकथाकार त्याचे भागागणिक प्रसंग पाडतो आणि संवादलेखक पात्रांना बोलतं करतो. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती सोडून साधारण बावीस मिनिटं भरायची. चित्रित भागांची बँक संपत आली की सकाळी लिहिलेला सीन दुपारी सेटवर जातो. त्यात मध्येच निरोप येतो की आजीचं काम करणाऱ्या बाई आज नाहीत, त्यांचं सगळं बोलणं आत्याला द्या. आजी आणि आत्या एकसारख्या बोलत नाहीत, हे लक्षात ठेवून ते वीस मिनिटांत बदलायचं.

माझा ट्रायल सीन पतपेढीच्या कर्जाचा होता. सून जामीनदार असते आणि नोटीस तिच्या नावे येते. आधीच्या मसुद्यात सगळे नुसते रडत होते. हिशेबाच्या नोकरीत अशा नोटिसा मी हाताळलेल्या. कर्ज दिराचं असलं तरी सहीमुळे पगारातून कपात हिची होणार आणि मालकाला पत्र गेल्यावर ऑफिसात सगळ्यांना कळणार, हे मी लिहिलं. सून सासूला ओरडून काही बोलत नाही, फक्त विचारते, "सही करताना तुम्ही चष्मा शोधत होतात, मी का नाही शोधला?" सीन ठेवला गेला. इतकी वर्षं शहाड-उल्हासनगरची नोकरी मला अडचण वाटायची. त्या दिवशी तिचाच उपयोग झाला.

मानधन भाग दाखवल्यानंतर नव्वद दिवसांनी, अशी या धंद्यातली रीत. म्हणून कारखान्यातली नोकरी सोडली नाही, अजूनही सोडलेली नाही. सुरुवातीला पडद्यावर नावही नव्हतं. पण दर बिलावर टीडीएस कापला जायचा आणि माझ्या पॅनवरच्या फॉर्म २६एएसमध्ये निर्मितीसंस्थेचं नाव तिमाहीमागून तिमाही उमटायचं. हिशेबनीस असल्याने मी त्याच्या प्रती काढून ठेवल्या, पाठवलेल्या प्रत्येक भागाचे मेलही. नंतर श्रेयनामावलीत नाव द्या असं लेखी मागितलं, तेव्हा कोणत्या भागांचे संवाद माझे, यावर वाद घालायला जागाच नव्हती. नाव आलं, 'संवाद सहाय्य' म्हणून.

एक अनुभव उलटाही आहे. एका निर्मितीसंस्थेने एनआरसीच्याच गोष्टीवरच्या माझ्या नव्या मालिकेचं नॅरेशन ऐकलं, कन्सेप्ट नोट ठेवून घेतली आणि मग कळवलंच नाही. क्रिएटिव्ह टीममधल्या ज्या मुलीने ऐकलं होतं तीही नोकरी सोडून गेली. विषय संपला असं मी धरलं होतं. पुढे तीच मुलगी दुसऱ्या वाहिनीत लागली आणि तिनेच फोन केला, "तुमची ती कामगार कॉलनीची गोष्ट अजून कोणी घेतली नाही ना?" त्या फोनने माझा हिशेब बदलला. साइट बंद होते तेव्हा तिथली आपली पत तिच्याबरोबर संपते. आपलं लिखाण वाचलेला माणूस जागा बदलतो तेव्हा आपल्याला डोक्यात घेऊन जातो. या धंद्यात माणसं सतत जागा बदलतात, त्यामुळे आपलं लेखन खरोखर वाचलेली चार माणसं क्रमवारीतल्या वरच्या नंबरापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

याचा अर्थ ओळखीशिवाय काही होत नाही, असा मी घेत नाही. दिग्दर्शक रोहन कानवडे यांच्याकडे फिल्म स्कूलचं शिक्षण नव्हतं. ते इंटिरियर डिझाइनच्या कामातून आले. त्यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक विभागातला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. पण त्याआधी पटकथा व्हेनिसच्या बिएनाले कॉलेजसारख्या ठिकाणी माणसांसमोर बसून घासली गेली होती. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची (एनएफडीसी) लेखकांची लॅबही अशीच चालते. अर्ज ऑनलाइन भरतात, काम समोरासमोर होतं.

टिटवाळ्याचा एक मुलगा परवा त्याची पटकथा घेऊन आला. कुठे अपलोड करू, विचारत होता. मी त्याला आधी नोंदणी करायला लावली, मग आमच्या ग्रुपच्या वाचनाला बोलावलं आणि सांगितलं की जिथे टाकायची तिथे जरूर टाक, फी परवडत असेल तर टिपणंही घे, मात्र प्रत्येक टिपण त्याच दिवशी उतरवून तारखेसकट ठेव. माझ्या एनआरसीच्या पटकथेचा चित्रपट अजून झालेला नाही. फोन करणाऱ्या त्या मुलीच्या वाहिनीने मालिकेसाठी नको म्हटलं. विषय जड आहे म्हणाले. चित्रपटासाठीचा नवा मसुदा नोंदवून झालाय आणि पुढच्या लॅबच्या अर्जासाठी त्याचा सारांश लिहिते आहे.