सार्जंटने हात दाखवला की

मी दुचाकी चालवायला शिकवतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण वर्षानुवर्षं दुचाकीने कामावर जाणारे असतात. वळण, ब्रेक, पावसातला रस्ता हे सगळं ते हौसेने शिकतात. पोलिसाने हात दाखवल्यावर गाडी थांबवायची कशी, हे मात्र शिकावं लागतं असं कुणाच्या मनातही येत नाही. गार्डन रीचमध्ये हा थेट जिवाचा प्रश्न आहे.

कोलकात्याच्या या भागाशी आपलं जुनं नातं आहे. बंगाल-नागपूर रेल्वेचं मुख्यालय इथेच होतं, आज दक्षिण-पूर्व रेल्वेचं आहे. जवळच युद्धनौका बांधणारी गार्डन रीच शिपबिल्डर्स ही कंपनी. बदलीवर आलेली मराठी माणसं इथे भेटतात आणि एखादी एमएच 31 पाटीची गाडीही दिसते. रस्ता मात्र गोदीचा. खिदिरपूर आणि नेताजी सुभाष गोदीकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर, त्यांच्या बाजूने मटियाबुर्जच्या शिलाई कारखान्यांतले कपड्यांचे गठ्ठे लादलेल्या दुचाकी.

अशा रस्त्यावर पांढऱ्या गणवेशातला सार्जंट हात दाखवतो. (कोलकाता पोलीस पांढऱ्या कपड्यांत असतात, खाकी राज्य पोलिसांची.) त्याच क्षणी चालवणाऱ्याचा उजवा पंजा पुढच्या ब्रेकवर आवळतो. मागे ट्रेलर असेल, रस्ता ओला असेल, तर घात इथेच होतो. आधी आरसा बघा. डावा इंडिकेटर द्या, ॲक्सिलरेटर सोडा, दोन्ही ब्रेक हळूहळू लावा आणि सार्जंटच्या दहा पावलं पुढे जावं लागलं तरी कडेलाच थांबा. ट्रेलरच्या डाव्या बाजूला चालकाला न दिसणारी मोठी जागा असते, तिथून कडेला घुसू नका. ट्रेलर पुढे जाऊ द्या. थांबायला चार सेकंद जास्त लागले म्हणून कुणी तुम्हाला पळपुटा म्हणत नाही, इंडिकेटर लागलेला सार्जंटलाही दिसतो.

थांबल्यावर इंजिन बंद करा, स्टँड लावा, हेल्मेटची काच वर करा आणि हात हँडलवर राहू द्या. कागद सीटखाली असतील तर आधी सांगा, मग उतरा. हातांबद्दल मी इतका आग्रही आहे, त्यामागे या भागाचा इतिहास आहे. 1984 मध्ये पोलीस उपायुक्त विनोद मेहता यांना गार्डन रीचमध्ये जमावाने ठार केलं. 2013 मध्ये इथल्याच एका कॉलेजबाहेर निवडणुकीच्या गोंधळात उपनिरीक्षक तापस चौधरी गोळीला बळी पडले. समोरचा गणवेशातला माणूसही सावध असतो, हे ध्यानात ठेवून हालचाल करावी.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 प्रमाणे गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर परवाना दाखवावाच लागतो. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरचे कागद चालतात, मोबाइलमध्ये काढून ठेवलेला फोटो चालत नाही. वाहतूक सांभाळणारे सिव्हिक व्हॉलंटियर पोलिसांच्या मदतीला असतात. त्यांनी हात केला तर थांबा, पण कागद तपासणं आणि दंड करणं हे त्यांचं काम नाही. परवाना ताब्यात घेतला गेला तर कलम 206 प्रमाणे पोच मिळते. एरवी परवाना परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, जे आधी येईल तोवर, त्या पोचेवर गाडी चालवता येते; हेल्मेट नसणं किंवा धोकादायक चालवणं अशा गुन्ह्यांत मात्र चालवता येत नाही. ही पोच मागायला लोक का कचरतात, मला कळत नाही. शांतपणे मागा. गुन्हा मान्य नसेल तर जागेवर तडजोड शुल्क भरण्याची सक्ती नाही, न्यायालयात बाजू मांडता येते. आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका, कुणी सवलत म्हणून सुचवलं तरी.

परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर कलम 47 प्रमाणे नव्याने नोंदणी करावी लागते. वारंवार बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी 2021 पासून बीएच नोंदणी मालिका आहे, ती घ्यावी.

या सगळ्यापेक्षा मला काळजी वाटते ती पळणाऱ्यांची. पांढरा गणवेश दिसताच काही मुलं भर रस्त्यात गाडी उलटी वळवतात किंवा दोन ट्रेलरच्या फटीत घालतात. हेल्मेट नसल्याचा दंड केंद्रीय कायद्यात 1000 रुपये आहे, त्यासोबत परवाना तीन महिने निलंबित होऊ शकतो. एवढ्यासाठी चाकाखाली जाण्याची जोखीम कुणी घेऊ नये. पण यातल्या अनेकांकडे परवानाच नसतो, कारण परवान्याचं वयच झालेलं नसतं, आणि घरी कळेल ही धास्ती त्यांना दंडापेक्षा मोठी वाटते. म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘पोलिसांनी अडवलं तर थांब, मला फोन कर, मी रागावणार नाही,’ हे मुलांना आजच सांगा. आणि अठरा पूर्ण होण्याआधी मोटरसायकलची चावी त्यांच्या हाती देऊ नका. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम 199अ खाली पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.