शून्य आणि अज्ञात

जमिनीचे कागद जपावे, तसा आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त गेलीं पुष्कळ वर्षें संगणकावर, मायएसक्यूएल नांवाच्या डेटाबेसमध्यें जपलेला आहे. तो रचला गेला ५.५ या आवृत्तीवर. ती २०१० सालची. पुढें २०१३ सालीं ५.६, २०१५ सालीं ५.७ व २०१८ सालीं ८.० अशा आवृत्त्या निघाल्या, आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत ५.७ चीहि नियमित देखभाल थांबली. देखभाल थांबलेल्या आवृत्तींत उद्यां सांपडणारें भोंक बुजविण्यास कोणी येत नाहीं; म्हणून स्थलांतर करणें प्राप्त झालें.

प्रथम संपूर्ण नक्कल काढून ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली. कारण जी उघडत नाहीं ती नक्कल कुचकामाची, आणि ८.० वर चढविलेला डेटाबेस पुन्हां ५.७ वर उतरवितां येत नाहीं. मग एकेक आवृत्ति चढत गेलों. मधली पायरी गाळणें तेथें चालत नाहीं.

५.७ वर गाडें अडलें. तक्त्यांची जुनी लिपि-व्यवस्था बदलूं लागतांच यंत्रानें कांहीं जन्मतारखा नाकारल्या: साल शून्य, महिना शून्य, दिवस शून्य. जुनी आवृत्ति असल्या तारखा निमूटपणें घेई. नवी, तिचे नियम ढिले केल्यावांचून घेत नाहीं. त्या नोंदी निवडून पाहतां बहुतेक सर्व लग्न होऊन या घरांत आलेल्या स्त्रियांच्या निघाल्या. पुरुषांच्या जन्मपत्रिका पेटींत होत्या. यांच्या माहेरीं राहिल्या.

नियम ढिला करण्यास एक ओळ पुरेशी होती, व तरुण मंडळींचा कलहि तिकडेच होता. परंतु शून्य हें एक उत्तर आहे, आणि तें खोटें आहे. सालांची वजाबाकी करून वय काढूं जातां या सुनांचें वय दोन हजार वर्षांहून अधिक निघे. ‘ठाऊक नाहीं’ असें सांगण्यास डेटाबेसांत ‘नल’ ही निराळी खूण आहे. नलमधून कांहींहि वजा केलें तरी नलच उरतो. अज्ञातांतून खोटें उत्तर निघत नाहीं, हा तिचा मोठाच गुण.

शून्याच्या जागीं नल घालण्यापूर्वीं थोरल्या काकूंना विचारलें. त्या म्हणाल्या, “साल कोणी सांगितलें नाहीं रे बाबांनो, पण आषाढ वद्य पंचमी. त्या दिवशीं आई हातावर साखर ठेवीत असे.”

तेव्हां तिथीचा एक नवा रकाना जोडला. काकूंच्या नांवापुढें तारखेच्या रकान्यांत नल आहे, तिथीच्या रकान्यांत पंचमी आहे. ज्या आज हयात नाहींत, त्यांचे दोन्ही रकाने नलच राहिले.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अशी जुनी नोंद असेल, त्यांना आमची एवढीच विनंति. आवृत्ति बदलण्याचें काम चार संध्याकाळींत उरकतें. पण ती जें विचारील त्याचें उत्तर देणारें माणूस घरांत आहे, तोंच तें काढावें.