शालेय समुपदेशकाची तयारी

शालेय समुपदेशक होण्यासाठी भारतात एकच ठरावीक वाट नाही. कुणी मानसशास्त्रात एम.ए. करून येतो, कुणी समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन, तर कुणी शिक्षकी करता करता पदविका घेतो. एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशन पदविका वर्षभराची आहे: सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने केंद्रावर प्रात्यक्षिके आणि तीन महिने आपल्या गावी इंटर्नशिप. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतात.

अभ्यासाची सुरुवात बाल आणि किशोरवयाच्या विकासाने होते. पिआजे, एरिक्सन आणि कार्ल रॉजर्स सगळीकडेच शिकवले जातात. बदल घडायला समुपदेशकाकडून काय लागते ते रॉजर्सने 1957 मध्ये मांडले: बिनशर्त स्वीकार, समानुभूती आणि आतबाहेर एकच असणे. परीक्षेत हे लिहिणे सोपे असते. वर्गात खोड्या काढणाऱ्या मुलासमोर बसून ते पाळणे फार अवघड.

पुढचा भाग चाचण्यांचा, आणि लोकांचा सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी हे सांगणारा माणूस म्हणजे समुपदेशक, असे बहुतेक पालक धरून चालतात. 2016 मध्ये राज्य मंडळाने दहावीसाठी कलचाचणी सुरू केली, तेव्हाही अनेक घरांत तिचा अहवाल निकालपत्रासारखाच वाचला गेला. कल म्हणजे आवड, अभिक्षमता म्हणजे शिकण्याची संभाव्य क्षमता. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. शततमक 70 म्हणजे 70 गुण नव्हेत. चाचणी ज्या गटावर प्रमाणित झाली, त्यातल्या शंभरातल्या साधारण सत्तर मुलांपेक्षा हा पुढे आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो गट शहरी, इंग्रजी माध्यमाचा असेल, तर गडचिरोलीतल्या मराठी शाळेच्या मुलाला तोच आकडा लावणे हा अन्याय आहे. प्रशिक्षणार्थीला चाचणी देण्याआधी तिचे मानदंड तपासता आलेच पाहिजेत.

खरा समुपदेशक घडतो तो देखरेखीखालच्या सरावात. प्रशिक्षणार्थी मुलाशी झालेला संवाद शब्दशः लिहून आणतो. त्याला व्हर्बॅटिम म्हणतात. मूल म्हणते, ‘‘मला शाळेत यावंसंच वाटत नाही.’’ खाली प्रशिक्षणार्थीचे उत्तर असते, ‘‘असं म्हणू नये, शाळा महत्त्वाची असते.’’ पर्यवेक्षक तिथेच थांबवतो आणि विचारतो, हे उत्तर मुलासाठी होते की स्वतःच्या अस्वस्थतेसाठी? वर्षानुवर्षे शिकवलेल्या शिक्षकांना ही सवय मोडताना सर्वाधिक त्रास होतो. अमेरिकेत कॅक्रेप ही अधिमान्यता संस्था शंभर तासांचे प्रात्यक्षिक आणि सहाशे तासांची इंटर्नशिप मागते. सहाशेपैकी 240 तास थेट समुपदेशनाचे असावे लागतात. आपल्याकडे सर्व अभ्यासक्रमांना बांधील असा आकडा नाही. त्यामुळे दोन प्रमाणपत्रांची किंमत कागदावर सारखी दिसते आणि प्रत्यक्षात फार वेगळी निघते. ही या क्षेत्राची मोठी उणीव आहे.

सर्वांत अधिक वाद गोपनीयतेवर होतो. ‘‘मॅडम, कुणाला सांगणार नाही ना?’’ या प्रश्नाला नुसते ‘‘नाही’’ म्हणणे कायद्याने शक्य नाही. पॉक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कायद्याला अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे आणि त्या वयातली संमती तो मानत नाही. म्हणून सतरा वर्षांच्या मुलीने स्वखुशीच्या शरीरसंबंधाबद्दल सांगितले तरी समुपदेशक कात्रीत सापडतो. मर्यादा आधीच सांगितल्या तर मुले बोलणारच नाहीत, असे काही जाणकार म्हणतात. ही भीती खोटी नाही. तरीही विश्वास टाकून बोललेल्या मुलीला नंतर पोलीस दारात दिसणे याहून मोठा विश्वासघात नाही. म्हणून मर्यादा पहिल्याच भेटीत, मुलाच्या भाषेत सांगायला हव्यात: ‘‘तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्याशी लैंगिक वागलं असेल, तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, पण तुला सांगितल्याशिवाय नाही.’’ हे वाक्य घोकून येत नाही, त्याचा पुन्हा पुन्हा सराव लागतो. मुख्याध्यापकांनी ‘‘काय म्हणाली ती?’’ विचारल्यावर काय सांगायचे आणि काय नाही, याचाही.

अभ्यासक्रमाचा शेवटचा भाग म्हणजे आपल्या आवाक्याबाहेरचे मूल ओळखणे आणि योग्य ठिकाणी पाठवणे. 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा प्रकरणात सांगितले, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी बाल-किशोर मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे. कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांना दुसरा मार्गच लागू पडतो. त्यामुळे तिथे काम करणाऱ्याला जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, टेली-मानसचा 14416 आणि चाइल्डलाइनचा 1098 यांचा उपयोग कोणत्या प्रसंगी आणि कसा करायचा, हे इंटर्नशिपमध्येच शिकवावे लागते.