परळमधला अंधारा मजला

परळच्या एका हॉस्पिटलच्या बेसमेंटला लिफ्ट थांबते आणि आधी काहीच दिसत नाही. सिनेमा सुरू झाल्यावर थिएटरात शिरावं ना, अगदी तस्सं! मग हळूहळू फासळ्या, मणके, कवट्या उजळायला लागतात. ही रेडिओलॉजिस्ट मंडळींची रीडिंग रूम.

पूर्वी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावायला उठावं तरी लागायचं. आता सीटी स्कॅनचे शेकडो काप माउसच्या चाकावर धावतात. काम फटाफट, पण पापणी लवायचंच विसरते. अमेरिकेत एलिझाबेथ क्रुपिन्स्की आणि सहकाऱ्यांनी ४० डॉक्टर तपासले. २०१० साली छापून आलेला निष्कर्ष असा, की दिवसभराच्या कामानंतर डोळ्यांचा फोकस ढळतो आणि फ्रॅक्चर ओळखण्यातल्या चुका थोड्या वाढतात. संध्याकाळी सातचा एक्स-रे आपला असेल तर?

इथे मॅमोग्राफीसाठी ५ मेगापिक्सेलचे दोन पडदे आहेत आणि मागच्या भिंतीवर मंद दिवा. मिट्ट काळोखात लखलखता पडदा बघण्यापेक्षा हे डोळ्यांना सुखाचं. (घरी रात्री लॅपटॉप उघडता तेव्हा करून बघा.) दोन पडद्यांमधली काळी पट्टी मात्र खटकते; एकच रुंद पडदा असता तर मानही कमी वळली असती.

बाहेर आल्यावर पार्किंगच्या ट्यूबलाइटनेही डोळे दिपले. आत डॉक्टरबाईंनी चष्मा पुसून पुढची केस उघडली होती.