चौकटीतला फलंदाज

सॉफ्टबॉलच्या मैदानावर फलंदाजाला स्वतःची अशी एक लहानशी जागा असते. होम प्लेटच्या बाजूस आखलेली, 7 फूट लांब व 3 फूट रुंद अशी ही चौकट. तिच्यात उभे राहून चेंडू मारण्याचा त्याचा हक्क कोणीही हिरावून घेऊ शकत नाही. परंतु चौकटीच्या रेषा म्हणजे काही किल्ल्याचे तट नव्हेत.

समजा, फलंदाजाच्याच संघाचा एक गडी पहिल्या बेसवर टपून उभा आहे. पिचरच्या हातून चेंडू सुटताच तो दुसऱ्या बेसकडे धूम ठोकतो. फलंदाज पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवितो. चेंडू हुकतो आणि मागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात विसावतो. आता कॅचरला तो सुमारे 85 फूट दूर असलेल्या दुसऱ्या बेसवर फेकावयाचा असतो, आणि तोही डोळ्याचे पाते लवते न लवते तोच! नेमक्या त्याच क्षणी फलंदाजाचा तोल जातो, तो चौकटीबाहेर येतो आणि कॅचरचा हात अडतो. पंच खेळ थांबवितात. फलंदाज बाद! धावलेल्या गड्याला मुकाट्याने पहिल्या बेसवर परतावे लागते. ‘मी मुद्दाम केले नाही,’ हे फलंदाजाचे म्हणणे खरे असले, तरी येथे उपयोगी पडत नाही.

चौकटीतच राहिलेल्या फलंदाजाची गोष्ट निराळी. तो जागीच उभा राहिला आणि कॅचरला त्याच्यामुळे नीट फेकता आले नाही, तर तो दोष त्याचा नव्हे. अदृश्य होण्याची विद्या काही नियमपुस्तकाने त्याच्याकडून मागितलेली नाही! मात्र उभ्या जागीच त्याने मुद्दाम कोपर पुढे केले, तर तो बाद. म्हणजे पंचांना फलंदाजाचे पाय तर पाहावे लागतातच, शिवाय त्याचे मनही ओळखावे लागते. पहिले काम सोपे, दुसरे महाकठीण.

सॉफ्टबॉल हा 1887 साली अमेरिकेतील शिकागो येथे जन्मला, तो बेसबॉलचाच घरात खेळावयाचा प्रकार म्हणून. मनातला हेतू ओळखण्याचे हेच संकट या थोरल्या भावाच्या मैदानावर एकदा फार गाजले. 14 ऑक्टोबर 1975 रोजी सिनसिनाटी येथे वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना चालू होता. दहाव्या डावात सिनसिनाटी व बोस्टन यांची 5-5 अशी बरोबरी होती. सिनसिनाटीच्या एड आर्मब्रिस्टरने चेंडू बॅटने हळूच पुढ्यात टाकला. परंतु पहिल्या बेसकडे निघताना तो क्षणभर थबकला. चेंडू घेण्यास झेपावलेला बोस्टनचा कॅचर कार्लटन फिस्क त्याच्यावर आदळला. फिस्कने तशाही स्थितीत चेंडू दुसऱ्या बेसकडे फेकला, पण तो पलीकडे निघून गेला आणि पहिल्या बेसवरचा गडी थेट तिसऱ्यावर पोहोचला.

बोस्टनच्या संघाने एकच गिल्ला केला. पंच लॅरी बार्नेट ठाम राहिले. टक्कर झाली खरी, पण ती जाणूनबुजून नव्हे. म्हणून तो अडथळा नव्हे, असा त्यांचा निर्णय होता. फिस्कची तक्रार अगदीच निराधार होती, असे मात्र म्हणवत नाही. चेंडू समोर, आणि वाटेत माणूस उभा! त्याने करावे तरी काय?

थोड्याच वेळात तो तिसऱ्या बेसवरचा गडी होम प्लेटवर पोहोचला. सिनसिनाटीने सामना 6-5 असा जिंकला, आणि पुढे ती मालिकाही 4-3 अशी.